वॉलायची चढण : मॉमी नदीवर यंदा कधी जायचं?

मॉमीकाठ — ४ मार्च, रात्री १०:१२

गेले दोन आठवडे व्यनितून (खाजगी निरोपांतून) एकच प्रश्न येतोय : "वॉलाय कधी सुरू होणार? तारीख सांगा, सुट्टी टाकायची आहे." वॉलाय हा मासा, आणि हिवाळा सरला की तो अंडी घालायला नदीत वर येतो ती त्याची चढण. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो.

मी ओहायोत, टोलीडोच्या दक्षिणेला पेरिसबर्गमध्ये राहतो. अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मार्चअखेर ऑफिसातून घरी येताना पुलावरून खाली बघितलं, तर नदीत मांडीइतक्या पाण्यात शेकडो माणसं रांगेने उभी. मला वाटलं, कुणी बुडालं आणि शोध चाललाय. गाडी लावून धावत खाली गेलो आणि काठावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी काही न बोलता कमरेला बांधलेली दोरी पाण्यातून वर ओढली. दोरीला तीन मासे ओवलेले. हिरवट सोनेरी अंग, पांढरं पोट, शेपटीच्या खालच्या टोकाला चुन्याचं बोट टेकवल्यासारखा पांढरा ठिपका, आणि डोळे काचेच्या गोटीसारखे, दुधाळ. त्या डोळ्यांवरूनच त्याचं नाव वॉलाय पडलं. बुबुळामागे मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला त्याला इतर माशांपेक्षा चांगलं दिसतं.

तो पर्चच्या कुळातला, गोड्या पाण्यातला मासा. वर्षभर इरी सरोवरात हिंडतो आणि हिवाळा सरला की अंडी घालायला नदीत चढतो. सगळे चढत नाहीत, बरेच सरोवरातल्याच खडकाळ उथळ जागी अंडी घालतात. पण मॉमीत जे येतात त्यांची संख्या लाखांत आहे. मिशिगन सरोवरापासून पूर्वेकडे नदीत होणारी एवढी मोठी चढण दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

आता तारीख. माझ्याकडे एक वही आहे. मार्च लागला की रोज सकाळी पाण्याचं तापमान, नदीची पातळी, वारा आणि काय दिसलं ते त्यात लिहितो. एका वर्षी २० मार्चलाच नदी भरून वाहत होती माशांनी. दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी काठाला बर्फाच्या लाद्या आणि खरी चढण १० एप्रिलनंतर. कॅलेंडरवरचा दिवस तोच, नदी वेगळी. म्हणून तारीख विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, पाणी किती अंशावर आहे?

बर्फ फुटलं की फेब्रुवारीअखेर मासे मुखाशी, मॉमी बेमध्ये गोळा व्हायला लागतात. पाणी ४० अंश फॅरेनहाइटच्या (साधारण साडेचार सेल्सियस) आसपास आलं की नर वर सरकतात. हे लहान असतात, पोटावर नुसतं बोट फिरवलं तरी दुधासारखं वीर्य येतं, आणि ते आठवडेच्या आठवडे नदीत राहतात. ४२ ते ५० (साडेपाच ते दहा सेल्सियस) हा खरा काळ. माद्या तेव्हा येतात, एखाद-दुसऱ्या रात्रीत अंडी सोडतात आणि उतरतात. ५० च्या पुढे गेलं की गर्दी ओसरायला लागते. म्हणजे मोठी मादी बघायची असेल तर तुमच्या हातात फार तर दहा-बारा दिवस असतात, आणि ते दहा-बारा दिवस दरवर्षी जागा बदलतात.

पण नुसतं तापमापक घेऊन बसलात तरी फसाल. मॉमी वाहते ती मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतातून. एकेकाळी हा सगळा प्रदेश दलदल होता. शेताखालून नळ टाकून ती दलदल कोरडी केली, त्यामुळे आता दोन तास जोराचा पाऊस झाला की शेतातलं सगळं पाणी दोन दिवसांत नदीत. वॉटरविलला सरकारी प्रवाहमापक आहे, त्याचे आकडे नेटवर दर थोड्या वेळाने येतात. सेकंदाला चार-पाच हजार घनफूट असेल तर उतरून उभं राहता येतं. पुरात हाच आकडा पन्नास हजारांच्या वर जातो. तेव्हा मासे नदीतच असतात, उलट नव्या पाण्याबरोबर जास्तच चढतात, पण तुम्ही काठावर. पूर ओसरताना, पाणी गढूळ तपकिरीवरून चहाच्या रंगावर आलं की त्या दोन-तीन दिवसांवर नजर ठेवा. माझ्या वहीतले सगळ्यात चांगले दिवस तेच आहेत.

आणि वारा. नव्या माणसाला याची कल्पनाच नसते. इरीचा पश्चिमेकडचा भाग फार उथळ, सरासरी चोवीस फूट. ईशान्येचा वारा दोन दिवस लागला की सरोवराचं पाणी आमच्या टोकाला ढकललं जातं आणि नदीचा खालचा भाग पाऊस नसताना फुगतो. नैऋत्येचा वारा सुटला की पाणी पार खेचलं जातं, एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. सकाळी नदीतल्या ब्लूग्रास बेटावर गुडघाभर पाण्यातून चालत गेलात आणि दुपारी वारा फिरला, तर परत येताना तीच वाट छातीपर्यंत आलेली असू शकते. याबद्दल खाली वेगळं लिहीन, माझ्यावर बेतलं होतं.

यंदाचं : आज सकाळी पुलाखाली ३६ अंश. काठाला अजून बर्फ आहे. घाई करू नका.

---

कोलंबसवासी — ४ मार्च, रात्री ११:४०

धन्यवाद. पण आमची अडचण अशी की ऑफिसात दोन आठवडे आधी रजा सांगावी लागते आणि मुलांची सुट्टी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. पाण्याकडे बघून निघणं आम्हाला जमणार नाही. एकच शनिवार-रविवार निवडायचा तर कुठला?

---

मॉमीकाठ — ५ मार्च, सकाळी ६:५५

एकच निवडायचा तर एप्रिलचा पहिला. थंडी लांबली तर चढण सुरू झालेली असते, वसंत लवकर आला तर शेपूट तरी सापडते. मार्चअखेर आलात तर नर नक्की मिळतील, मुलांना तेवढं पुरे. जमलं तर शनिवार टाळून शुक्रवारी या. शनिवारी फोर्ट मेग्ज किल्ल्याच्या खाली खांद्याला खांदा लागतो, लहान मुलाला गळ टाकायला जागा मिळत नाही. मुलांना घेऊन ऑर्लिन्स पार्कच्या बाजूला काठावर थांबा, पाण्यात उतरवू नका.

---

पाणजीव — ५ मार्च, दुपारी १:२०

छान लिहिलंय. मी गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करते, म्हणून 'तापमान' या शब्दामागे काय काय दडलंय ते जरा उलगडते.

मार्चमध्ये पाणी तापतं ही शेवटची खूण. तयारी आदल्या शरद ऋतूतच सुरू झालेली असते. दिवस लहान होऊ लागतात तशी मादीच्या पोटात अंडी भरायला लागतात आणि थंडीभर भरत राहतात. वॉलायला यासाठी खरा हिवाळा लागतो. पाणी बराच काळ दहा सेल्सियसच्या खाली राहिलं नाही तर अंडी नीट पिकत नाहीत. मग दिवस मोठा होत जाणं ही एक खूण, नदीचं वाढलेलं पाणी दुसरी, आणि या दोन्हींनंतर तापमान. म्हणून फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडून पाणी ४५ फॅरेनहाइटवर गेलं तरी सगळ्या माद्या धावत येत नाहीत. त्या तयारच नसतात.

अंडी घालतात रात्री, पळणाऱ्या उथळ पाण्यात, खडी आणि गोट्यांवर. घरटं नाही, राखण नाही. एका मादीभोवती चार-सहा नर, पृष्ठभागाशी खळबळ, आणि संपलं. अंडं जेमतेम दोन मिलिमीटर. सुरुवातीला चिकट असतं, मग कडक होऊन गोट्यांच्या फटीत जाऊन बसतं. मोठी मादी तीन-चार लाख अंडी सहज सोडते. दहा सेल्सियसच्या पाण्यात पिल्लू बाहेर यायला दोन आठवडे आणि वर काही दिवस. बाहेर येतं तेव्हा नखाएवढंही नसतं, पोटाशी पिवळ्या बलकाची शिदोरी. ती शिदोरी संपायच्या आत प्रवाहाबरोबर वाहत त्याला सरोवरात पोचायचं असतं आणि तिथे खायला सूक्ष्म प्राणी मिळायला हवेत. मासा कधी चढला याचं सगळं महत्त्व इथे आहे. पिल्लं पोचली आणि सरोवर अजून उपाशीच असलं, तर त्या वर्षीची पिढी गेली.

इरीवरच्या जुन्या अभ्यासांत दिसलंय की वसंतात पाणी सलग आणि भराभर तापलं तर पिल्लं जास्त जगतात. तापलं-गार झालं-तापलं असं होत राहिलं की अंडी फटीत जास्त दिवस पडून राहतात, वर गाळ बसतो, बुरशी येते. म्हणून काही वर्षांच्या पिढ्या प्रचंड असतात आणि मधली वर्षं रिकामी. २००३ ची पिढी अशी होती, मग २०१५ आणि २०१८. आज तुम्ही जे मोठे मासे पकडताय त्यातले बरेच त्या एक-दोन वसंतांचे आहेत.

---

बांधावरची — ६ मार्च, सकाळी ६:०५ (भारतीय वेळ)

ताई, तुमचं वाचताना अंगावर काटा आला. रात्र, उथळ पाणी, एका मादीमागे चार-सहा नर, खळबळ. हे मी डोळ्यांनी बघितलंय, पण सिंधुदुर्गात, आमच्या कुणग्यात (भाताच्या खाचरात). आम्ही त्यांना चढणीचे मासे म्हणतो. रायगड-ठाण्याकडे वलगणीचे.

आमच्याकडे तापमापक लागत नाही. मृगाची पहिली मोठी सर पडली, व्हाळाला (ओढ्याला) लाल पाणी आलं, की त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री. मे महिनाभर कोंडीत (डोहात) अडकून पडलेले मासे त्या नव्या पाण्याच्या उलट चढतात, व्हाळातून पाटात, पाटातून शेतात. मळये, खवळे, शिंगटी. गाबोळीने (अंड्यांनी) पोट इतकं ताणलेलं असतं की मासा कुशीवर पडून सरपटत बांध चढतो. माझे आजोबा दुपारीच वाऱ्याचा वास घेऊन सांगायचे, "आज रात्री बत्ती भरून ठेवा." आणि ते खरं व्हायचं. लहान असताना मला वाटायचं आजोबांना मासे निरोप पाठवतात. मोठेपणी कळलं, ते दिवसभर व्हाळाच्या आवाजाकडे कान लावून असायचे. पाण्याचा आवाज जड झाला की ते उठायचे.

तुमचा वॉलाय थंडी सरताना चढतो, आमचे उन्हाळा सरताना. पण दोघांनाही नवं पाणी हवं आणि पिल्लांना पोसणारी जागा हवी. आमच्याकडे ती जागा म्हणजे भाताचं शेत. शेतं पड राहिली, पाटाच्या तोंडाला सिमेंटचे बांध आले, आणि कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकून किंवा विजेची तार सोडून मासे मारणारे वाढले. गेल्या पावसाळ्यात पहिल्या रात्री मी बॅटरी घेऊन गेले. दोन तासांत सात मळये दिसले. एकही पकडला नाही.

---

मॉमीकाठ — ५ मार्च, रात्री ८:३०

'पाण्याचा आवाज जड झाला.' बांधावरची, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. इथेही वाढत्या पाण्याचा आवाज वेगळा येतो, माझ्याकडे त्याला शब्द नव्हता.

बंधाऱ्याबद्दल : आमच्या शेजारच्या सॅन्डस्की नदीवर बॉलव्हिल नावाचं शंभर वर्षांहून जुनं धरण होतं. वॉलाय त्याच्या पायथ्याशी येऊन थडकायचा. २०१८ मध्ये ते पाडलं. वरच्या बाजूला वीस मैलांहून जास्त नदी माशांना मोकळी झाली. म्हणजे वाट परत उघडता येते.

---

विस्कॉन्सिनची_वारी — ६ मार्च, सकाळी ८:१५

आमच्याकडची तऱ्हा निराळी. विनबेगो सरोवरातला वॉलाय वुल्फ नदीत शिरतो आणि शवानोच्या दिशेने शंभर मैलांपर्यंत जातो. पण त्याला खडी नको, त्याला पुराखाली गेलेलं गवत हवं. नदीकाठच्या पाणथळ कुरणांत पाणी चढलेलं असतं, तिथे गवताच्या बुंध्यांवर तो अंडी सोडतो. त्यामुळे आमच्याकडे तापमानाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पूर किती दिवस टिकतो. अंडी घालून झाल्यावर पाणी झटकन उतरलं तर अंडी उघडी पडतात आणि पिल्लांना नदीत परतायला वाट राहत नाही. कमी बर्फाच्या हिवाळ्यानंतर जाणती माणसं आधीच मान हलवतात.

आणखी एक सांगावंसं वाटतं. या माशाचं वेळापत्रक आपण नव्याने मांडत नाही आहोत. ओजिब्वे लोक त्याला ओगा म्हणतात. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये तळ्यांवरचं बर्फ गेलं की रात्री नावेतून, डोक्याला दिवा लावून, भाल्याने तो मारायचा त्यांचा हंगाम असतो. मेपलचा रस आटवून साखर करायचे दिवसही साधारण तेच. १८३७ आणि १८४२ च्या करारांत जमीन देताना त्यांनी शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखला होता. राज्याने तो कैक वर्षं मानला नाही. १९८३ मध्ये न्यायालयाने तो हक्क कायम असल्याचा निकाल दिला, तर त्यानंतर काही वसंत नावेच्या धक्क्यांवर जमाव जमून त्यांच्यावर दगड आणि शिव्या. आरोप हा की हे लोक अंड्यांवरचे मासे मारून तळी रिकामी करतात. प्रत्यक्षात भाल्याने मारलेला प्रत्येक मासा धक्क्यावर मोजला जातो. गळाने पकडलेल्यांची अशी मोजदाद कधीच होत नाही. मी एका एप्रिलमध्ये अशा धक्क्यावर रात्रभर उभा होतो. नाव लागली, मासे टेबलावर आले, एक जण मोजत होता, एक जण लिहीत होता, आणि एक आजी थर्मासमधून सगळ्यांना कॉफी देत होती.

बर्फ आता लवकर जायला लागलंय, आणि इथल्या तळ्यांवरच्या अभ्यासात आढळलं की वॉलायची अंडी घालायची वेळ त्या वेगाने लवकर येत नाही. बर्फ पुढे पळतंय, मासा मागे राहतोय.

---

पाणजीव — ६ मार्च, दुपारी १२:५०

हो, हीच काळजी आहे. दिवसाची लांबी ही खूण हवामान बदलल्याने बदलत नाही. त्यामुळे मासा तापमानामागे धावू लागला तरी एका मर्यादेपर्यंतच धावू शकतो.

---

सुरमई_प्रेमी — ६ मार्च, रात्री ९:३०

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. गाबोळीने भरलेल्या माद्या पकडायच्या आणि वर संवर्धनाच्या गप्पा, हे कसं? आपल्याकडे पावसाळ्यात यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याखेरीज आमच्या घरात ताजा मासा येत नाही. मॉमीत मात्र अंडी घालायच्या दिवसांतच जत्रा भरते.

---

मॉमीकाठ — ७ मार्च, सकाळी ७:१०

राग नाही, हा प्रश्न मलाही दर मार्चमध्ये पडतो. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर वॉलायचा हंगाम मे महिन्यापर्यंत बंदच असतो. ओहायोत तसं नाही. इथे वेगळी बंधनं आहेत. चढणीच्या दिवसांत, १ मार्च ते १ मेपर्यंत, नदीच्या या पट्ट्यात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत गळ टाकायला बंदी. म्हणजे जेव्हा ते अंडी घालतात तेव्हा नदी त्यांची. एकच गरी (गळाचा आकडा), तीही लहान. मासा तोंडाच्या आत लागलेला हवा, अंगाला कुठे अडकला तर तिथल्या तिथे सोडायचा. पंधरा इंचांखालचा ठेवायचा नाही आणि दिवसाला सहाच. हे आकडे बदलतात, दरवर्षी परवाना काढताना ताजे नियम वाचा. सोळा वर्षांच्या आणि त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो, बाहेरच्या राज्यातल्यांना एक दिवसाचाही मिळतो.

माझं वैयक्तिक : मोठी मादी मी पाण्यातून पूर्ण वर काढतच नाही. गरी सोडवतो, डोकं वरून येणाऱ्या प्रवाहाकडे धरून ती स्वतः निसटेपर्यंत थांबतो. चार नर घरी पुरतात.

---

पाणजीव — ७ मार्च, सकाळी १०:४०

इथे मी थोडी वेगळी बोलते. मादी सोडणं चांगलंच, पण सरोवरातल्या वॉलायचं नशीब मॉमीतल्या गळांवर ठरत नाही. कोट्यवधी मासे आहेत. किती पकडायचे त्याचा वाटा राज्यं आणि कॅनडाचा ओंटारियो प्रांत मिळून दरवर्षी ठरवतात. पिढी घडते किंवा बिघडते ती अंडी घातल्यानंतरच्या सहा आठवड्यांत, पाण्याच्या हाती.

आणि पाणी बिघडवलं कुणी हे विसरू नका. १९७० मध्ये या माशात पारा सापडला, कारखान्यांतून आलेला, आणि व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. पाणी स्वच्छ ठेवण्याचा १९७२ चा अमेरिकी कायदा आणि त्याच वर्षी अमेरिका-कॅनडा करार झाला, तेव्हा कुठे सरोवर सावरलं. आज त्याच मॉमीतून शेतातलं फॉस्फरस वाहत येतं. ऑगस्ट २०१४ मध्ये सरोवरात त्यावर पोसलेलं विषारी शेवाळ टोलीडोच्या पाणीपुरवठ्यात आलं आणि चार लाखांवर लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी तोंडाला लावता आलं नाही. सुरमई_प्रेमी, तुमचा राग योग्य आहे. तो गळ धरलेल्या माणसापेक्षा वरच्या शेतांकडे वळवा एवढंच म्हणेन.

---

टोलीडोची_सून — ७ मार्च, दुपारी ३:१५

टोलीडोत त्या तीन दिवसांत मी चार महिन्यांच्या बाळाला घेऊन होते. दूध पावडरीचं. शेजारी मिशिगनमधून पाण्याचे कॅन आणत होते. नदी म्हटलं की मला आधी ते आठवतं, मग मासे.

करायची कृती कुणी विचारली नाही तरी देते. वॉलायला स्वतःची चव अगदी हलकी, वास जवळजवळ नाही. आपल्या आंबट-तिखट कालवणात तो हरवतो. हळद, मीठ, लिंबू, थोडं आलं-लसूण, दहा मिनिटं. मग तांदळाचं पीठ आणि रवा, कडक तवा, कमी तेल. गालाचे दोन तुकडे टाकू नका, रुपयाएवढे असतात, सगळ्यात गोड तेच. नवराबायकोत भांडण होतं त्यावरून. फार मोठे जुने मासे मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका, पारा त्यांच्यात जास्त साठतो.

---

मॉमीकाठ — ८ मार्च, रात्री ९:५०

वाऱ्याबद्दल लिहीन म्हटलं होतं.

चौथ्या वर्षाची गोष्ट. सकाळी सातला ब्लूग्रास बेटावर गेलो, मधलं पाणी गुडघ्यापर्यंत. मासे लागत होते, वर बघितलंच नाही. दुपारी एकच्या सुमारास शेजारचा माणूस गेला, मग त्याच्या पलीकडचे दोघे. मी एकटा राहिलो आणि तरी खूश, की जागा मिळाली. परत निघालो तेव्हा पाणी मांडीवर, आणखी दहा पावलांवर पोटावर. प्रवाहाने पाय उचलला आणि वेडर्समध्ये (छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीत) पाणी शिरायला लागलं. कमरेचा पट्टा मी सैल ठेवला होता, जेवायला बसताना. ४१ अंशाचं पाणी छातीला लागलं की श्वास आत जातो आणि बाहेर येत नाही. खालच्या बाजूला एक अनोळखी माणूस उभा होता. त्याने काठी पुढे केली, मी ती धरली. त्याने मला काठावर ओढलं, गाडीत बसवलं, हीटर लावला, आणि माझ्या बायकोला फोन करून ती येईपर्यंत थांबला. नाव विचारायचं राहून गेलं.

तेव्हापासून उतरलो की आधी एक दगड हेरतो, अर्धा पाण्याबाहेर असलेला, आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघतो. दगड बुडाला की निघायचं, गळाला मासा असला तरी. पट्टा घट्ट, हातात काठी, एकटं जायचं नाही. जुने लोक निघाले की तुम्हीही निघा.

---

मॉमीकाठ — १५ मार्च, सकाळी ८:२०

४० अंश. बर्फ गेलं. काल संध्याकाळी नर लागायला सुरुवात, तासाभरात तीन. पाणी हिरवट आणि संथ.

---

मॉमीकाठ — १९ मार्च, रात्री ८:००

रात्रभर पाऊस. वॉटरविलचा आकडा दोन दिवसांत पाचपट. नदीत झाडाचे ओंडके वाहतायत. कुणीही येऊ नका. तापमान ४३, म्हणजे खाली नक्की गर्दी असणार.

---

कोलंबसवासी — २४ मार्च, रात्री १०:१०

आमचा शनिवार २८ चा ठरलाय, रद्द करू का?

---

मॉमीकाठ — २५ मार्च, सकाळी ६:४०

करू नका. पाणी उतरतंय, आज चहाच्या रंगाचं आहे. ४५ अंश. उद्या-परवा वारा नैऋत्येचा सांगितलाय. मी सव्वासातला ऑर्लिन्स पार्कच्या गाड्या लावतात तिथे भेटतो, मुलांसाठी दोन जादा गळ आणतो.

---

बांधावरची — २८ मार्च, संध्याकाळी ७:३० (भारतीय वेळ)

काय झालं? इथे बसून वाट बघतेय.

---

कोलंबसवासी — २८ मार्च, रात्री ९:२५

आत्ता घरी पोचलो. मुलीला एक मादी लागली. नऊ वर्षांची आहे, दोन्ही हातांनी दांडी धरून मागे मागे जात होती, मॉमीकाठकाका शेजारी उभे राहून फक्त "सैल सोड, सैल सोड" म्हणत होते. मासा काठाशी आला तेव्हा तिने हात लावला. म्हणाली, बाबा, वाळूच्या कागदासारखं आहे, आणि पोट हलतंय. काकांनी तिलाच विचारलं, ठेवायची की सोडायची. ती बराच वेळ बोललीच नाही. मग पाण्यात बसली, थंडीने हात लाल झाले तरी काकांनी दाखवलं तसं डोकं प्रवाहाकडे धरून राहिली, आणि शेपटीचा एक फटका तोंडावर पाणी उडवून गेला.

येताना गाडीत झोपेपर्यंत विचारत होती, आज रात्री ती अंडी घालेल का.

---

पाणजीव — २८ मार्च, रात्री ९:५५

पाणी ४६ च्या पुढे असेल तर बहुतेक आजच. एप्रिलच्या मध्याला पिल्लं फुटतील, तिला सांगा.